माझ्या नणंदेची चूल

लग्न मंगळवारी झालं आणि बुधवारी मी त्या घरात पहिला घास खाल्ला. तो राखेचा बुधवार होता. कपाळावर राख, पुढ्यात कोरा चहा आणि कोरडी ओटची भाकरी. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. चाळीस दिवसांच्या उपासाचा पहिला दिवस सगळी वाडी अशीच काढायची, त्यात माझ्या नणंदेचा काही दोष नव्हता. पण तिने ती भाकरी ज्या तऱ्हेने माझ्यापुढे सरकवली, दारात आलेल्या कुत्र्यापुढे सरकवावी तशी, ते काही चर्चने सांगितलेलं नव्हतं.

"बोस्टनला काय खायचीस गं आजच्या दिवशी?" तिने विचारलं.

"हेच, वन्सं. कोरा चहा."

"मग एवढा समुद्र ओलांडून जायचं काय अडलं होतं?"

माझा नवरा मलाकी चहाच्या भांड्यात बघत होता. पुढे कित्येक वर्षं तो जेवताना कुठल्या ना कुठल्या भांड्यातच बघत राहिला.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. बोस्टनच्या एका हॉटेलच्या स्वैपाकघरात सात वर्षं घासून-पुसून, मग कापून-चिरून, मग शिजवून परत आले होते. मलाकी गिंटी चव्वेचाळीसचा. जमीन बरी, गाई तीन, बोलणं जवळजवळ नाही. आणि घरात ही थोरली बहीण, विनिफ्रेड. आई गेल्यापासून बावीस वर्षं चूल तिच्या हातात. तिचं लग्न दोनदा जुळत आलं होतं, आणि दोन्ही वेळा 'मलाकीच्या जेवणाचं काय' म्हणून तिनेच मोडलं. हे मला शेजारच्या नॅपी लॅव्हेलने सांगितलं. नॅपी सगळ्यांना सगळं सांगायची.

आमच्याकडे घर कुणाचं हे ओळखायचं असलं तर चुलीचा चिमटा कुणाच्या हातात आहे ते बघावं. टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, विटा सारख्या करायच्या, निखारे ओढायचे, राखेत विस्तव पुरायचा, सगळं त्या लांब लोखंडी चिमट्याने. वन्सं बसल्या जागी तो मांडीवर घेऊन बसायच्या. प्रार्थनेलासुद्धा खाली ठेवायच्या नाहीत.

दुपारचं जेवण म्हणजे बटाटे. उकडले की तीन पायांच्या काळ्या हंड्यावर वेताची पसरट पाटी ठेवायची, बटाटे त्यात उपसायचे, आणि तिघांनी भोवती स्टुलं ओढायची. मधे बशीत मीठपाणी, हाताशी ताकाचा मग. ताटल्या मांडणीवर शोभेला होत्या. दुसऱ्यांच्या घरी ज्याने त्याने पाटीत हात घालावा आणि नखाने साल काढत खावं. आमच्याकडे वन्सं निवडून द्यायच्या. मलाकीला सालं फाटून हसणारे, पिठूळ, गरम. स्वतःला मधले. मला कुदळीचा घाव लागलेले, पाणचट, आत काळा डाग असलेले. ताकही तसंच. माझ्या मगात तळाची रेघ दिसायची, इतकं पाणी.

पहिल्या दिवशी मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या आठवड्यात कळलं की चुकून काही नाही. ती बाई डोळे मिटूनही बटाटा ओळखायची. बोटाने दाबायची, आणि वाईट निघाला की माझ्याकडे.

मी बोलले नाही. बोलले असते तर ती नवऱ्याला म्हणाली असती, "बघ, मडमबाईंना आमचे बटाटे चालत नाहीत." मी डाग नखाने कोरून काढायची, उरलेलं खायची, आणि म्हणायची, "छान झालेत, वन्सं."

"आवडले ना? मग आणखी घे," असं म्हणून ती आणखी एक डागाळलेला काढून द्यायची.

मलाकीला हे दिसत नव्हतं का? मला वाटतं दिसत होतं. पण त्याने बावीस वर्षांत कधी पाटीत हात घातला नव्हता. बाकीच्यांच्या वाट्याला काय येतं हे बघायची त्याला सवयच नव्हती.

उपासकाळ संपून ईस्टर आला. चाळीस दिवसांची साठलेली अंडी त्या दिवशी सगळी वाडी पोट फुटेतो खायची. पुरुष पैजा लावायचे. वन्संनी मलाकीला सहा दिली, स्वतः तीन घेतली, मला एक.

"तुला पचायची नाहीत गं. हॉटेलातलं पोट तुझं."

"हॉटेलात मी सकाळी दोनशे अंडी उकडायची, वन्सं."

"दुसऱ्यांची!" ती म्हणाली, आणि इतकी खूष झाली की तिने स्वतःशीच मान डोलावली.

ईस्टरनंतर पुन्हा रविवारी एकच अंडं, मलाकीचं. बाकीची दुकानात जायची, त्या बदल्यात चहा-साखर यायची. तो अंड्याची टोपी चमच्याने अलगद कापायचा आणि ती टोपी, आतल्या पांढऱ्या घासासकट, बहिणीला द्यायचा. त्यांच्या वडिलांची रीत होती, लहान लेकराला टोपी द्यायची. धाकटा मोठा झाल्यावर ती उलटी होऊन बहिणीकडे आली असावी. ईस्टरनंतरच्या त्या पहिल्या रविवारच्या अंड्याला त्याने टोपी कापली, चमचा वर धरला आणि थांबला. इकडे ती, तिकडे मी. शेवटी त्याने ती टोपी स्वतःच खाल्ली. पुढचे सगळे रविवार त्याने तसंच केलं. त्या दिवसापासून वन्सं माझ्याशी माझं नाव घेऊन बोलल्या नाहीत. मी 'बोस्टनकरीण' झाले.

"बोस्टनकरणीला सांग, गाय पान्हवत नाही तिच्या हाताला."

मी तीन फुटांवर उभी असायची.

जुलै आला. जुने बटाटे मेमध्येच मऊ पडून कोंब धरायला लागले होते, जुलैत ते संपले. नवे शेतात होते, पण महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत कुदळ लावायची नाही अशी आमच्याकडची पद्धत. त्याआधी जी बाई बटाटे काढते तिला घर चालवता येत नाही असं समजतात. तोवर कोबी. सकाळी ओटची लापशी, दुपारी कोबी, रात्री लापशी. कधी बांधावरचा खाजरा पाला उकडून. शुक्रवारी खारवलेला एक हेरिंग मासा तिघांत, तोही असा की मलाकीला पोट, वन्संना शेपटाकडचं, आणि मला डोकं.

एका मंगळवारी दोघं भाऊबहीण टर्फ रचायला दलदलीवर गेले. मी एकटी घरी. मी कुदळ घेतली आणि शेताच्या वरच्या कडेने दोन ओळी काढल्या. भूक होती हे खरं. पण भुकेपेक्षा जास्त काय होतं ते मला नीट ठाऊक होतं. बटाटे सुपारीएवढे, काही लिंबाएवढे, साल अंगठ्याने निघत होती. हंडाभर उकडले, कांद्याची पात चिरून दुधात उकळली, सगळं घोटलं, आणि मधोमध खड्डा करून त्यात लोण्याचा हा एवढा गोळा सोडला. वास अंगणात गेला असणार, कारण मलाकी दारातून जवळजवळ धावतच आत आला. त्याने चमचा उचललासुद्धा.

मागून वन्सं आल्या. हंड्यात बघितलं.

"आज वार कोणता?" त्यांनी भावाला विचारलं.

"मंगळवार," तो म्हणाला.

"रविवार कधी आहे, बटाट्याचा?"

त्याने चमचा खाली ठेवला.

"वन्सं, भूक लागली होती सगळ्यांना," मी म्हटलं. "बारा दिवस अलीकडे आणि पलीकडे. खा ना."

तिने हंड्याचे दोन्ही कान धरले. पोळत असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. हंडा उचलून ती अंगणात गेली आणि शेणाच्या ढिगाजवळ उपडा केला. सगळ्या कोंबड्या धावल्या. डुक्कर ओरडायला लागलं.

"आईने या घरात उपाशी मुलं झोपवली, पण असलं कधी केलं नाही," ती म्हणाली. मला नाही, कोंबड्यांना.

मी चिमटा उचलला. मारायला नव्हता उचलला, असं मी आज म्हणते. ती माझ्याकडे बघून हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"ठेव खाली. तापलाय तो. तुला सवय नाही."

आणि खरंच हात भाजला होता.

मलाकी दोघींच्या मधून बाहेर गेला. ढिगाजवळ वाकला, कोंबड्यांना बाजूला सारून एक अख्खा राहिलेला बटाटा उचलला, बाहीला पुसला, आणि उभ्याउभ्या खाल्ला. मग आत डोकं घालून म्हणाला, "मीठ आहे का?"

कुणी दिलं नाही. ना तिने, ना मी.

ऑक्टोबरात आमच्या घराची पाळी आली. वर्षातून दोनदा फादर वाडीतल्या एका घरी येऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधला रविवारचा प्रार्थनाविधी, म्हणायचे, सगळ्यांची पापनिवेदनं ऐकायचे, आणि मग त्या घरी न्याहारी करायचे. पाळी फिरत फिरत सहा-सात वर्षांनी यायची. त्यासाठी भिंतींना चुना, उसने कप, पांढरा टेबलक्लॉथ. न्याहारी कशी झाली यावर ते घर पुढची पाळी येईपर्यंत ओळखलं जायचं. मागच्या तिन्ही न्याहाऱ्या वन्संनी केल्या होत्या.

मी मलाकीला गोठ्यात गाठलं. "अहो, या वेळी मी करणार. मी या घरची बायको आहे की मोलकरीण, ते तुम्ही तिला सांगा."

तो गाईची पाठ चोळत राहिला. त्याने तिला काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. संध्याकाळी वन्संनी चिमटा माझ्या स्टुलावर ठेवला.

"घे. फादर मुनेलींना बोस्टनचं काय ते खाऊ घाल."

ती इतक्या सहज बाजूला झाली तिथेच मला समजायला हवं होतं. पण मी हुरळले होते. दुकानातून पांढरं पीठ, मनुका, हॅम आणलं. हॉटेलात केला होता तसा गोडसर मनुकांचा पाव करायचा ठरवला. फक्त हॉटेलात भट्टी होती, तिला लोखंडी दार होतं. इथे झाकणाचं जाड भांडं, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. झाकणावर किती ठेवायचे, कधी बदलायचे, हे ज्याच्या त्याच्या हाताला माहीत. सकाळी लोक यायला लागले, मी कपडे बदलायला खोलीत गेले. परत आले तेव्हा मला वाटलं झाकणावरचे निखारे कमी झालेत. वन्सं दारात नॅपीशी बोलत उभ्या होत्या. चिमटा जागेवर होता. मी आजवर ठरवू शकलेले नाही.

मिस्सा झाली. आतल्या खोलीत फादर मुनेली, चर्चचा कारकून, आणि चार मानाची शेजारी मंडळी बसली. हॅम छान होतं. अंडी छान होती. फादरांनी पाव कापला, आणि सुरीला पांढरा चिकट गोळा लागून आला. आत कच्चा. त्यांनी दुसरीकडून कापला. तिथेही कच्चा. भले गृहस्थ होते, कडेचा भाजलेला तुकडा तोडून म्हणाले, "मनुका उत्तम आहेत."

कारकून खोकला. नॅपी छताकडे बघायला लागली.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या वन्सं उठल्या. नॅपीच्या टोपलीतून त्यांनी एक फडकं काढलं. त्यात ओटच्या भाकऱ्या, पातळ, कडेला सोनेरी, आणि पानात गुंडाळलेलं ताजं लोणी. आदल्या दिवशी नॅपीच्या चुलीवर केलेल्या. फडकं टेबलावर उलगडलं तसा तो भाजलेल्या ओटचा वास खोलीभर झाला.

"घरात काहीतरी असावं म्हणून आणून ठेवल्या, फादर," ती हळूच म्हणाली.

फादरांनी तीन खाल्ल्या. मग चौथी. मग म्हणाले, "विनिफ्रेड, माझी घर सांभाळणारी बाई गेल्यापासून मी असं जेवलो नाही."

माझं डोकं फिरलं. "विचारा तिला!" मी ओरडले. "विचारा फादर, गेले आठ महिने ही मला कुठले बटाटे वाढते! काळे, सडके, डुकराला घालतात तसले. एक एक दाबून, निवडून! पाणी घातलेलं ताक!"

मलाकी दाराशी उभा होता.

"ताई," तो म्हणाला, "तू निवडून द्यायचीस?"

"हो," वन्सं म्हणाल्या. लाजल्या नाहीत, आवाज चढवला नाही. "बघत होते, बोलते का. सरळ तोंडावर बोलली असती तर त्याच दिवशी चांगले दिले असते. ही 'छान झालेत, वन्सं' म्हणत गिळत राहिली. असल्या बाईच्या हातात मी भाऊ कसा देऊ? आणि आज बोलली ती कुठे, फादरांच्या ताटापुढे."

तिचं खोटं होतं असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. फादर उठले, आशीर्वाद दिला, आणि टोपी विसरून गेले.

टोपी न्यायला दुसऱ्या दिवशी कारकून आला. त्याच्याबरोबर निरोप होता. विनिफ्रेड गिंटीने फादरांच्या घरची व्यवस्था बघायला यावं.

ती त्याच आठवड्यात गेली. नॅपीची गाढवगाडी दारात लागली, आणि वन्संनी हंडा, तवा, झाकणाचं भांडं आणि पाटी बाहेर काढली.

"हे कशाला?" मी म्हटलं. "फादरांकडे भांडी नाहीत?"

"माझ्या आईची आहेत."

"मलाकीची पण आईच ना ती?"

"मलाकीला विचार."

मलाकीने हंडा स्वतः उचलून गाडीत ठेवला. माझ्याकडे न बघता. पुढचे नऊ दिवस, बाजार भरेपर्यंत, मी गाईच्या बादलीत बटाटे उकडले.

चूल माझी झाली. मी लोखंडी स्टोव्ह घेतला, दार असलेला, वाडीत पहिला. ताटल्या खाली काढल्या. रोज पांढरा पाव, रविवारी तिघाचौघांना पुरेल इतकं मटण. दोन मुली झाल्या, त्यांना मी हवी तेवढी अंडी दिली. मलाकी जे वाढेन ते खायचा आणि "बरं आहे" म्हणायचा. दर गुरुवारी मात्र दुपारी तो अडीच मैल चालत फादरांच्या मागच्या दाराशी जायचा आणि बहिणीच्या हातचं जेवून यायचा. पाऊस असो, पेरणी असो. एका गुरुवारी मी मागोमाग गेले. दाराची वरची अर्धी फळी उघडी होती, तिथून बघितलं तर हा पाटीत वाकलेला, आणि बोलत होता. माझ्या नवऱ्याला बोलता येतं हे मला तिथे कळलं. कुठल्यातरी वासराची गोष्ट सांगत होता, हातवारे करून.

वन्संनी मला पाहिलं. उठून आल्या आणि अर्ध्या दारावर कोपर टेकलं.

"काय हवंय?"

"माझा नवरा."

"जेवतोय. संपलं की पाठवते."

आणि वरचं अर्धं दारही लावून घेतलं.

नाताळाला प्रत्येक घराने फादरांकडे काहीतरी द्यायचं असतं. मी हंस द्यायची. दरवर्षी दार तीच उघडायची, हंस हातात घेऊन उलटा करायची, छातीचं हाड चाचपायची. मागे आणखी पाच-सहा बाया उभ्या.

"काय घातलंस गं याला? पाणी?"

बाया हसायच्या. मी दुसऱ्या वर्षी त्या हंसाला सप्टेंबरपासून ओट आणि दूध घातलं. तो उचलवत नव्हता.

"चरबी," ती म्हणाली. "निव्वळ चरबी. फादरांना सोसत नाही."

नऊ वर्षं असं चाललं. नवव्या वर्षी मेमध्ये ती छातीत कळ येऊन फादरांच्या स्वैपाकघरात पडली आणि उठली नाही. तिचं घर म्हणून प्रेत आमच्याकडे आणलं. रीतीप्रमाणे येणाऱ्या प्रत्येकाला खायला घालायचं, आणि ते काम माझंच.

मी केलं. कुणी म्हणू नये की केलं नाही. सहा पाव भाजले, दोन हॅम उकडले, चहाची किटली दिवसभर उतरली नाही. वाडी आली, शेजारच्या दोन वाड्या आल्या. फादर मुनेली आले, आता चांगलेच म्हातारे झालेले, आणि शवपेटीपाशी बसून लहान मुलासारखे रडले. नॅपी दोन तुकडे खाऊन तिसऱ्याला हात घालत म्हणाली, "सबाइना, हे विनिफ्रेडला नसतं जमलं हो." माझ्या मनात आलं, नॅपे, ती झोपलीय तिकडे, तिच्यासमोर बोल. पण मी म्हटलं, "घे गं आणखी."

मलाकी पेटीच्या डोक्याशी बसला होता. सकाळपासून त्याने पाणीही घेतलं नव्हतं. मी ताटली घेऊन गेले.

"दोन घास खा."

"नको."

"अहो, उद्या खांदा द्यायचाय. चक्कर येईल."

"गुरुवारी जेवलो ना तिच्या हातचं," तो म्हणाला. "पुरे आहे तेवढं."

आदला गुरुवार होऊन चार दिवस झाले होते. या चार दिवसांत तो रोज माझ्या टेबलाशी बसला होता, रोज माझं खाल्लं होतं. मी ते त्याला आठवण करून देणार होते. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि नाही दिली.

मी ताटली घेऊन स्टोव्हजवळ गेले. माणसं बोलत होती, कुणी तपकीर ओढत होतं, मुली कप विसळत होत्या. मी स्टूल ओढलं, बसले, आणि ती ताटली मीच संपवली. हॅम, पाव, लोणी, सगळं. भूक लागली होती, आणि हॅम चांगलं झालं होतं.